पहिला पेला आणि दुसरा माणूस

राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यात तळीरामाचं 'आर्यमदिरामंडळ' आहे. पिणाऱ्यांचंच मंडळ, पण नावासकट आणि सभासदांसकट. दारूला कंपनी लागते, हे गडकऱ्यांनी हसत हसत सांगून टाकलं. सुधाकराला पहिला पेला देतो तोही तळीरामच. पुढे सुधाकर दारू सोडायची शपथ घेतो, एकट्याच्या निश्चयावर उभा राहतो आणि अपमानाच्या धक्क्यासरशी पुन्हा कोसळतो. त्याच नाटकातला भगीरथ मात्र सुटतो, कारण रामलाल त्याला हाताला धरून नव्या कामाला आणि नव्या सोबतीला जोडून देतो.

म्हणजे प्यायला मंडळ होतं, सोडायला नव्हतं. ते सोळा वर्षांनी, सातासमुद्रापलीकडे, अवघ्या दोन माणसांनी सुरू केलं. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' हे त्याचं नाव. सगळे त्याला नुसतं 'एए' म्हणतात. आज ते सुमारे १८० देशांत पसरलंय. अंदाजे वीस लाख सभासद आहेत, आणि हा आकडा अंदाजेच राहणार, कारण सभासदांची नोंदवहीच ठेवलेली नाही. फी नाही, अर्ज नाही, अध्यक्षाची खुर्ची नाही, कोणावर हुकूम चालवणारा कोणी नाही. असली संस्था आपल्याकडे दोन गणेशोत्सवसुद्धा टिकणार नाही, असं कोणीही म्हणेल. ही नव्वद वर्षं टिकली आहे.

हॉटेलातला टेलिफोन

मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन हे टायरच्या कारखान्यांचं शहर. न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस बिल विल्सन तिथे एका कंपनीच्या व्यवहारासाठी आला होता. व्यवहार फिसकटला. खिशात पैसे नाहीत, ओळखीचं कोणी नाही, आणि मेफ्लॉवर हॉटेलच्या एका टोकाला बारमधला हसण्याखिदळण्याचा आवाज. दारूनं बिलचं आयुष्य धुळीला मिळवलं होतं आणि ती सुटून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते.

त्या पाच महिन्यांत त्यानं न्यूयॉर्कमध्ये कितीतरी दारुड्यांना उपदेश केला होता. त्यातला एकही सुटला नव्हता. बायको लोइसनं त्याच्या एक गोष्ट लक्षात आणून दिली होती: ते सुटले नसतील, पण त्यांच्या मागे लागता लागता तू स्वतः कोरडा राहिलास. हॉटेलात उभं असताना बिलला तेच आठवलं. आपल्याला आत्ता उपदेशक नको, डॉक्टर नको. आपल्याला दुसरा दारुडा हवाय.

लॉबीत शहरातल्या चर्चची यादी लावलेली होती. त्यानं फोन फिरवायला सुरुवात केली. एका पाद्र्याकडून दुसऱ्याचा नंबर, त्याच्याकडून तिसऱ्याचा, असं करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला. त्यांच्या ओळखीत एक सर्जन होते, डॉ. बॉब स्मिथ. दारूपुढे तेही हतबल झाले होते. १२ मे रोजी दोघांची भेट झाली. डॉक्टरांनी पंधराच मिनिटं बसायचं कबूल केलं होतं. बोलणं सहा तासांवर चाललं.

असं काय बोलला बिल? डॉक्टरांना यकृताची माहिती देण्यात अर्थ नव्हता, ती त्यांना बिलपेक्षा जास्त होती. बिलनं फक्त स्वतःची हकिकत सांगितली. कसा लपवून प्यायचो, कशा शपथा घेतल्या, कशा मोडल्या. आपण कोणाला सांगितलं नाही ते हा माणूस स्वतःबद्दल मोकळेपणानं सांगतोय, हे डॉक्टरांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. मध्ये एकदा ते पुन्हा घसरले. १० जून १९३५ या दिवशी त्यांनी शेवटची दारू घेतली आणि तोच दिवस एएचा जन्मदिवस मानला जातो. कार्यालय उघडलं तो दिवस नाही, घटना मंजूर झाली तो नाही. एका माणसाची दारू थांबली तो दिवस.

शहाणपण पैसे न घेण्याचं

असा प्रयत्न आधीही झाला होता. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात बसलेल्या सहा जणांनी दारू सोडायची ठरवून 'वॉशिंग्टोनियन' चळवळ काढली. आपली कहाणी चारचौघांत सांगायची, हे सूत्र त्यांनाही सापडलं होतं. चळवळ वणव्यासारखी पसरली. दोन वर्षांत तरुण अब्राहम लिंकनचं भाषणही तिच्या व्यासपीठावर झालं. मग दारूबंदीचं राजकारण शिरलं, पुढारी आले, वाद झाले आणि काही वर्षांत सगळं विझलं.

एए त्या वाटेनं गेलं नाही. त्याला थोडा योगायोगही कारण आहे. १९३७-३८ मध्ये बिल आणि मंडळी धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्याकडे मोठी रक्कम मागायला गेली. व्यसनमुक्तीची इस्पितळं काढायची, पगारी प्रचारक नेमायचे, अशी स्वप्नं होती. रॉकफेलरांना काम मनापासून आवडलं आणि म्हणूनच त्यांनी मोठी रक्कम दिली नाही; पाच हजार डॉलर दिले, पैशानं हे काम बिघडेल असं म्हणाले. मंडळी तेव्हा हिरमुसली. पण पुढे १९५० मध्ये क्लीव्हलँडला ज्या 'बारा परंपरा' स्वीकारल्या गेल्या, त्यांत हे शहाणपण कायमचं नोंदलं गेलं. बाहेरची देणगी घ्यायची नाही. राजकारणावर, धर्मावर, अगदी दारूबंदीवरसुद्धा मत द्यायचं नाही. प्रसिद्धीत कोणाचं नाव नाही, फोटो नाही. सभासद व्हायला एकच अट: दारू सोडायची इच्छा. सोडलेली असण्याची अट नाही.

आणि गट म्हणजे किती माणसं? दोन. सुटू पाहणारे दोघे जण त्यासाठी एकत्र बसले की तो गट झाला. याहून लहान संस्था असू शकत नाही, आणि मोडायला याहून अवघड संस्थाही नसावी. मोडायला शिखर लागतं, इथे शिखरच नाही.

मुंबई, वांद्रे, येरवडा

भारतात एए १९५७ मध्ये आलं. दिल्लीत आलेला एक परदेशी सभासद आणि मुंबईतला पिण्यानं हैराण झालेला एक जण, अशा एकेकट्या माणसांपासूनच इथेही सुरुवात झाली. मुंबईत ते मूळ धरून पसरलं, अनेक ठिकाणी चर्चच्या आवारातल्या, शाळांतल्या खोल्यांमध्ये. आज मराठी, हिंदी, इंग्रजी, कोकणी अशा वेगवेगळ्या भाषांत मीटिंगा भरतात.

१९८१ साली फादर ज्यो परेरा यांनी वांद्र्यात 'कृपा फाउंडेशन' सुरू केलं. ते स्वतः दारूतून बाहेर आलेले आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. त्यामुळे एएच्या 'बारा पायऱ्यां'ना, म्हणजे दारूतून सुटण्याच्या क्रमवार वाटेला, त्यांनी योगासनांची जोड दिली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मराठी घराघरांत पोहोचलं ते मात्र पुण्याचं 'मुक्तांगण'. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाखाची देणगी देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र उभं राहिलं. ते चालवलं डॉ. अनिता अवचट यांनी. उपचार पस्तीस दिवसांचा. तिथलं आगळेपण असं की कार्यकर्त्यांत आणि समुपदेशकांत कितीतरी जण कधीकाळी तिथेच रुग्ण म्हणून दाखल झालेले. ॲक्रनच्या भेटीत जे घडलं ते येरवड्यात रोजच्या वेळापत्रकात बसवलं गेलं. केंद्रातून घरी गेल्यावर पाठपुराव्याच्या बैठका आणि एएच्या मीटिंगा चालू ठेवायच्या, हा उपचाराचाच भाग. आणि बायकांसाठी 'सहचरी' गट. कारण पिणारा एक असतो, आजारी सगळं घर पडतं.

आत काय चालतं

मीटिंगला कधी न गेलेल्या माणसाच्या डोक्यात दोनच चित्रं असतात: रडारड किंवा कीर्तन. प्रत्यक्षात एक साधी खोली असते, प्लास्टिकच्या खुर्च्या, बहुधा चहा, आणि भिंतीवर बारा पायऱ्यांचा तक्ता. तास-दीड तासाचा मामला. सुरुवातीला थोडं वाचन होतं. मग एकेक जण बोलतो. पहिलं नाव सांगायचं, 'मी अल्कोहोलिक' म्हणायचं आणि आपलं शेअरिंग करायचं. बोलणाऱ्याला मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही, 'असं करायला नको होतंस' म्हणत नाही. आपल्या घरात, ऑफिसात, ग्रामसभेत अशी पाच मिनिटं माणसाला कधी मिळत नाहीत.

नव्या माणसानं बोललंच पाहिजे असं नाही. 'मी फक्त ऐकायला आलोय' एवढं पुरतं. आडनाव कोणी विचारत नाही, पत्ता विचारत नाही. शेवटी टोपी किंवा थैली फिरते. सभासद त्यात जमेल ते टाकतात, त्यातून खोलीचं भाडं आणि चहा निघतो. नवख्यानं टाकलं नाही तरी चालतं. ओपन मीटिंगला घरचे, विद्यार्थी, कोणीही येऊ शकतात. क्लोज्ड मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची.

इथल्या बोलण्यात जन्मभराची शपथ जवळजवळ नसतेच. 'आज प्यायलो नाही, आज पिणार नाही', एवढाच हिशोब. पुढच्या महिन्यातल्या भाच्याच्या लग्नात काय करू, असं नव्यानं विचारलं तर जुना सभासद म्हणतो, लग्न आज आहे का? आणि सगळे सांगतात की भीती दहाव्या पेल्याची नसते, पहिल्याची असते. तो टळला की बाकीचे नऊ आपोआप टळतात. गडकऱ्यांनी नाटकाला दिलेलं नाव आणि ॲक्रनचा हा अनुभव, एकमेकांची गंधवार्ता नसताना, एकाच ठिकाणी येऊन थांबतात.

कोणी घसरला तर 'स्लिप झाली' म्हणतात. तो परत आला की हजेरी घेत नाहीत, टाळ्या वाजवतात. एक वर्ष, पाच वर्षं कोरडं राहिलेल्याचा 'बर्थडे' होतो, केक कापला जातो. पन्नाशीच्या माणसाचा तिसरा वाढदिवस पाहायचा असेल तर तो तिथेच पाहायला मिळेल.

बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे, आणि त्यानं काही जण बिचकतात. तिथली सवलत अशी की ज्याला जशी समजेल तशी शक्ती त्यानं मानावी. कोणासाठी ती विठोबा असते, कोणासाठी अल्ला, आणि देव न मानणाऱ्यांसाठी समोर बसलेला गट.

गप्पांनी दारू सुटते?

शंका रास्त आहे. अनेक वर्षं डॉक्टर मंडळीही हेच म्हणत होती. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं एएसंबंधीच्या २७ अभ्यासांचा, १०,५६५ लोकांचा, आढावा प्रसिद्ध केला. माणसाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभरानंतर ४२ टक्के पूर्ण कोरडे होते. विचार-वर्तन उपचारासारख्या इतर मान्य पद्धतींत हे प्रमाण ३५ टक्के होतं. फरक जादूचा नाही, पण जिथे फी नाही अशा खोलीनं शिकलेल्या उपचारकाच्या बरोबरीनं, किंबहुना थोडं पुढे जावं, ही गोष्ट लहान नाही. त्याच आकड्याची दुसरी बाजूही पाहायला हवी: निम्म्याहून जास्त लोक वर्षभर पूर्ण कोरडे राहिले नव्हते. म्हणून औषध, समुपदेशन आणि मीटिंग यांत भांडण लावायचं कारण नाही; तिन्ही एकत्र चालतात.

हे घडतं कसं, याचाही शोध घेतला गेला. मोठा वाटा सापडला तो सोबत बदलण्याचा. पिणारे मित्र कमी होतात, न पिणारे वाढतात, आणि 'चारचौघांत मी नाही म्हणू शकतो' हा विश्वास येतो.

आपल्या शेजारचा गोव्याचा पुरावा याहून बोलका आहे. तिथल्या 'संगथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, धोकादायक पातळीवर पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक प्रयोग केला. निम्म्यांशी गावपातळीवरच्या साध्या माणसांनी, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी, फार तर चार वेळा बसून बोलायचं होतं. तीन महिन्यांनी या गटातल्या ४२ टक्के पुरुषांनी आधीच्या पंधरवड्यात दारूला हात लावला नव्हता. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होतं. हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. माणसाचं बोलणं हे औषधासारखं मोजता येतं, आणि मोजल्यावर उरतं.

बोर्लीहून मीटिंग किती लांब?

आता रायगड जिल्ह्याचा नकाशा उघडा. बोर्ली पंचतन म्हणजे दिवेआगरच्या पाठीशी असलेली बाजारपेठ. नारळी-पोफळीच्या वाड्या, मासळी, पर्यटकांची वर्दळ, आणि ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानं ज्यांच्या पिढ्यांच्या बागा एका दुपारी आडव्या केल्या ती घरं. दिघीच्या जेट्टीवरून पलीकडे आगरदांडा. रस्त्यानं म्हसळा, माणगाव करत मुंबई गाठायची तर अर्धा दिवस एसटीत जातो. रोजच्या मीटिंगसाठी मुंबईला जाणं कोणालाही जमणार नाही.

पण गावात खरी अडचण अंतराची नसते, दिसण्याची असते. शहरात अनामिक राहणं फुकट मिळतं. इथे एसटी स्टँडवर उभं राहिलं तरी चार जण 'कुठं निघालास?' विचारतात. तरीही एक गंमत लक्षात घ्या: माणूस पितो हे गावाला कधीच ठाऊक झालेलं असतं. लपवायला उरतं ते फक्त सोडणं, आणि ते तर लपवण्यासारखं काहीच नाही.

शिवाय ठरल्या वारी एकत्र बसायची सवय या किनाऱ्याला नवी नाही. याच जिल्ह्यातल्या रेवदंड्याचे नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ मध्ये दासबोध निरूपणाच्या बैठका सुरू केल्या. 'तो बैठकीला जातो' असं रायगडात म्हटलं की पुढचं वाक्य बहुतेकदा 'त्यानं दारू सोडली' असं असतं. वारकरी घरांत हेच काम गळ्यातली तुळशीची माळ करते. एएची वाट याहून वेगळी आहे. तिथे निरूपणकार नाही, ग्रंथाचा अधिकार नाही, बोलणारे सगळे एकाच आजारातून आलेले. पण ठरलेला वार, ठरलेली जागा, आणि आपण गेलो नाही तर चौकशी करणारी माणसं, हे तिन्ही धागे बोर्लीच्या माणसाला ओळखीचेच आहेत.

म्हणून वाट अशी काढता येते. पहिली पायरी फोन. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन, आणि १४४१६ ही 'टेलिमानस'ची मनाच्या आरोग्याची. एए इंडियाच्या संकेतस्थळावर भागवार संपर्क मिळतात. तिथे फोन उचलणारा बहुधा स्वतःच कधीकाळचा पिणारा असतो, त्यामुळे लाजायचं काम नाही. दुसरी पायरी ऑनलाइन मीटिंग. २०२०च्या टाळेबंदीत सक्तीनं सुरू झालेल्या या मीटिंगा पुढेही चालू राहिल्या. कॅमेरा बंद ठेवून, पहिल्या नावानं, वाडीतल्या मचाणावर बसूनही ऐकता येतं. तिसरी पायरी चाकरमान्यांची: घरातलं कोणी मुंबईत असेल आणि तिथे आठवडाभर मुक्काम होणार असेल, तर तेवढ्यात एक-दोन मीटिंगा प्रत्यक्ष पाहून घ्याव्या. मुंबईत सुटलेला आणि शिमग्याला, गणपतीला गावी येणारा सभासद तर सोन्यासारखा. सणाच्या दिवसांत दोघांनी ठरवून एकत्र बसलं की गट झाला. परंपरेप्रमाणे दोन माणसं पुरतात.

त्याआधी एक इशारा, आणि तो वाचून सोडून देऊ नका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं, विशेषतः ज्याचे हात सकाळी थरथरतात त्यानं, घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. शेवटच्या पेल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, ताप, भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. मेंदू दारूच्या दाबाखाली काम करायला शिकलेला असतो. दाब अचानक निघाला की तो बेफाम होतो. म्हणून आधी बोर्लीचं प्राथमिक आरोग्य केंद्र, श्रीवर्धनचं उपजिल्हा रुग्णालय किंवा अलिबागचं जिल्हा रुग्णालय, तिथल्या डॉक्टरांना खरं प्रमाण सांगून औषधाखाली दारू थांबवायची, आणि मग मीटिंग. तसंच 'न कळत दारू सोडवा' म्हणून जेवणात मिसळायची पूड घरच्यांनी आणू नये. डायसल्फिरामसारखं औषध पिणाऱ्याला न सांगता दिलं आणि तो त्यावर प्यायला, तर रक्तदाब कोसळून तो दगावू शकतो.

घरच्यांना स्वतःसाठीही दार उघडं आहे. १९५१ मध्ये लोइस विल्सननं एका मैत्रिणीबरोबर 'अल-ॲनॉन' सुरू केलं, पिणाऱ्याच्या बायकोसाठी, आईसाठी, भावासाठी. नवरा मीटिंगला जायला तयार नसला तरी बायको जाऊ शकते. त्याच्या होकाराची वाट पाहायची गरज नाही.

२०१९च्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार देशात ५.७ कोटी माणसांना दारूच्या त्रासासाठी मदत हवी आहे, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांतला एखादा तुमच्या आळीत असेल, घरात असेल, किंवा हे वाचत असेल. त्याला उपदेश देऊ नका, तो त्यानं भरपूर ऐकलाय. १४४४६ हा आकडा आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवा, आणि तो ज्या सकाळी शुद्धीत असेल त्या सकाळी त्याच्या शेजारी बसून फोन लावून द्या.